धाग्यांच्या चौकटीतून कोऱ्या कॅनव्हासकडे

कापडावरील नक्षी हा विषय मराठवाड्याला नवा नाही. पैठणची पैठणी, औरंगाबादचे (आताचे छत्रपती संभाजीनगर) हिमरू ही नावे देशभर पोहोचलेली आहेत. किनवट-माहूरच्या डोंगराळ भागातील तांड्यांवर बंजारा स्त्रिया आपल्या फेटिया-काचळीवर आरसे, कवड्या आणि रंगीत टाके यांची जी मांडणी करतात, तीही नक्षीच. तिथे एक आकार ठरतो, तो पुन्हा पुन्हा येतो आणि दोन आकारांमध्ये किती जागा सोडायची हे हाताला ठाऊक असते. ही कला आईकडून मुलीकडे जाते. तिची परीक्षा नसते आणि पदविकाही नसते. मात्र हेच काम नोकरी म्हणून, उपजीविका म्हणून स्वीकारणाऱ्या तरुणापुढे पहिल्या काही वर्षांत एक प्रश्न हटकून उभा राहतो. आपण रोज कागदावर आकार काढतो आहोत, त्यांतले काही स्वीकारले जातात, बरेचसे नाकारले जातात. पण आपण पुढे सरकतो आहोत की नाही, हे ओळखायचे कसे?

या प्रश्नाशी दीर्घकाळ झगडलेला आणि त्या झगड्याची नोंद लिहून ठेवणारा एक मराठी कलावंत होऊन गेला. प्रभाकर बरवे हे त्यांचे नाव. आधुनिक भारतीय चित्रकलेचे अभ्यासक त्यांना ओळखतात ते चित्रकार म्हणून, आणि मराठी वाचक ओळखतात ते 'कोरा कॅनव्हास' या पुस्तकाचे लेखक म्हणून. त्यांच्या आयुष्यातील पहिली नोकरी मात्र हातमागाच्या कापडासाठी नक्षी तयार करण्याची होती, आणि ती त्यांनी अनेक वर्षे केली. त्यांच्याविषयी लिहिताना या नोकरीचा उल्लेख बहुधा एका वाक्यात उरकला जातो. तो तसा उरकण्याजोगा नाही.

बरवे यांचा जन्म १९३६ सालचा, रायगड जिल्ह्यातील (तेव्हाचा कुलाबा) अलिबागजवळच्या नागावचा. नारळी-पोफळीच्या वाड्या, समुद्र आणि चुन्याच्या भिंतींची घरे असलेले हे गाव. घरात कलेचे वातावरण होते. वडील मुंबईच्या चित्रपटसृष्टीत स्टुडिओतील कलाकाम करीत. नात्यातील आणखी एक नाव तर महाराष्ट्रभर गाजलेले होते. पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा भव्य अश्वारूढ पुतळा घडविणारे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर हे त्यांच्या आजोबांच्या पिढीतील आप्त. करमरकरांचे सासवणे हे गावही अलिबाग परिसरातलेच. ज्या घरातील एका ज्येष्ठाने एवढे भव्य काम केले आहे, त्या घरातील मुलाला कला निवडणे सोपे जाते. आपले काम त्या मापाने मोजले जाण्याचे ओझेही त्याच्याबरोबर येते.

१९५४ मध्ये बरवे मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले आणि १९५९ मध्ये तेथून पदविका घेऊन बाहेर पडले. तो काळ मुंबईच्या कलाजगतात मोठ्या उलथापालथीनंतरचा होता. १९४७ साली स्थापन झालेला प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप एव्हाना विखुरला होता. सूझा १९४९ मध्ये लंडनला, रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले होते. प्रगतिशील हा शब्द मागे राहिला होता, पण प्रगती म्हणजे नेमके काय, परदेशी जाणे की परदेशी शैली आणणे की आणखी काही, याचा निवाडा झालेला नव्हता. शंकर पळशीकर यांच्यासारखे चिंतनशील शिक्षक कलाशाळेत होते आणि भारतीय परंपरेतून आधुनिक वाट शोधता येते का, हा विचार विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचत होता. स्विस चित्रकार पॉल क्ले यांच्या चित्रांचे बरवे यांना मोठे आकर्षण होते. क्ले यांच्या लहानशा चित्रांतील खुणा, चिन्हे आणि चौकटी पुढे बरवे यांच्या वाटेत पुन्हा भेटतात.

पदविका मिळाली तरी पोटाचा प्रश्न होताच. चित्रे विकून जगण्याची शक्यता त्या काळी जवळजवळ नव्हती. चित्रकला-शिक्षकाची नोकरी, जाहिरात संस्था, चित्रपटांचे फलक किंवा कापड गिरण्यांचे डिझाइन विभाग एवढेच मार्ग मोकळे असत. यांत एका नव्या मार्गाची भर पडली होती. १९५२ मध्ये अखिल भारतीय हातमाग मंडळ स्थापन झाले होते. गिरण्यांच्या स्पर्धेत हातमाग टिकवायचा तर केवळ अनुदान पुरणार नाही, विणकराला नवी नक्षी आणि नवे रंग मिळाले पाहिजेत, या विचारातून पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने विणकर सेवा केंद्रे सुरू झाली. या केंद्रांचे वैशिष्ट्य असे की तिथे कलाशाळेतून बाहेर पडलेले तरुण चित्रकार नेमले गेले. के. जी. सुब्रमण्यन यांनी १९५९ ते १९६१ या काळात मुंबईत हातमाग मंडळाच्या डिझाइन विभागात काम केले. पुढच्या पिढीतील अर्पिता सिंग, जोगेन चौधरी, मनू पारेख हेही या व्यवस्थेतून गेले. भारतीय आधुनिक चित्रकलेचा एक मोठा भाग सरकारी हजेरीपटावर सही करून घडला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

बरवे १९६१ मध्ये या व्यवस्थेत आले आणि त्यांची नेमणूक झाली वाराणसीच्या केंद्रात. वय पंचविशीचे. मुंबईत प्रदर्शने होत होती, समवयस्कांची नावे छापून येत होती आणि हा तरुण मात्र बनारसी शालूंच्या गावी नक्षीचे कागद रंगवीत होता. एका अर्थाने ही माघारच वाटण्याजोगी गोष्ट होती.

नक्षीचे हे काम काय असते, हे थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. कारण बाहेरून ते सोपे दिसते. चित्रकार कागदावर एक बुट्टी काढतो, समजा एक पान. कागदावर ते पान सुंदर दिसते. पण मागावर जाण्यापूर्वी ते चौकटीच्या कागदावर उतरवावे लागते. त्या कागदावरील एकेक चौकोन म्हणजे उभ्या आणि आडव्या धाग्याची एकेक भेट. तिथे गोल रेषा नसतेच. असतात त्या पायऱ्या. पानाच्या वळणाच्या पायऱ्या किती चौकोनांत बसवायच्या, यावर ते पान विणल्यावर पान वाटणार की करवत, हे ठरते. नक्षीसाठी घातलेला जादा धागा फार लांबवर मोकळा सोडला तर तो मागच्या बाजूला लोंबतो, बांगडीत अडकतो आणि तुटतो. म्हणून मध्ये कुठेतरी तो बांधावा लागतो, आणि तो बांध नक्षीत खुपणार नाही अशा जागी आणावा लागतो. जकार्ड मागावर नक्षीच्या एका आवर्तनातील प्रत्येक ओळीसाठी छिद्रे पाडलेली पुठ्ठ्याची पट्टी लागते. नक्षी उंच झाली की पट्ट्या वाढतात आणि खर्चही वाढतो. चित्रकाराच्या लहरीची किंमत इथे पुठ्ठ्यांत मोजली जाते.

याहूनही अवघड गोष्ट आवर्तनाची. एकटी बुट्टी कितीही देखणी असली तरी ती पाच-पन्नास वेळा शेजारी शेजारी आली की काही वेगळेच घडते. दोन बुट्ट्यांच्या मधल्या रिकाम्या जागा एकमेकींना जोडल्या जातात आणि कापडभर एक तिरका पट्टा दिसू लागतो, जो कोणी काढलेलाच नसतो. कधी ओळी पडतात, कधी भोके पडल्यासारखी वाटतात. नवशिक्या नक्षीकाराला आपली चूक बुट्टीत आहे असे वाटते आणि तो बुट्टी सुधारत बसतो. चूक बहुधा मधल्या जागेत असते. काढलेल्या आकाराबरोबर न काढलेला आकारही पाहायला शिकणे, ही या धंद्यातील खरी पहिली पायरी, आणि ती ओलांडायला कित्येकांना वर्षे लागतात. या काळात केलेल्या कामाचा गठ्ठा वाढत असतो, पण प्रगती मात्र डोळ्यांना दिसत नाही. ती डोळ्यांतच होत असते.

बनारसमध्ये हे शिकविणारे गुरू कोणत्याही कलाशाळेत नव्हते. मदनपुरा, अलईपुरा या मोहल्ल्यांतील विणकरांच्या घरांत जमिनीतील खड्ड्यात पाय सोडून चालविले जाणारे माग होते. धाग्यांच्या जाळ्यात संपूर्ण नक्षी गुंफून ठेवणारे नक्शाबंद ही तर बनारसची जुनी परंपरा. जंगला, कोनिया, बेल, बुटी ही त्यांची परिभाषा. कढुआ पद्धतीत प्रत्येक बुटीसाठी स्वतंत्र धागा घालून ती जागच्या जागी भरली जाते, त्यामुळे मागे सुटे धागे राहत नाहीत. मात्र वेळ प्रचंड लागतो. पदविकाधारक चित्रकार आणि अक्षरशत्रू विणकर यांच्यातील हे नाते सरळ नसे. चित्रकाराला नवे काही द्यायचे असे, विणकराला ते मागावर बसते की नाही याची चिंता असे. केंद्राची कल्पना कागदावर चांगली होती, पण सरकारी यंत्रणेत तयार झालेली प्रत्येक नक्षी बाजारात पोहोचलीच असे नाही. आपल्या कामाचे पुढे काय झाले हे न कळणे, हेही नक्षीकाराच्या सुरुवातीच्या वर्षांतील एक मूक दुःख.

वाराणसीने बरवे यांना दुसरीही एक गोष्ट दिली. या शहरात त्यांचा तंत्रमार्गाशी आणि त्याच्या चित्रभाषेशी परिचय झाला. यंत्रांतील त्रिकोण, बिंदू, वर्तुळे, कमळाच्या पाकळ्या, रंगांचे सांकेतिक अर्थ यांनी ते भारावून गेले. त्यांच्या साठच्या दशकातील चित्रांत ही चिन्हे ठळकपणे दिसतात. तंत्रकलेवरील अजित मुखर्जी यांचा गाजलेला ग्रंथ त्याच दशकाच्या उत्तरार्धात आला आणि पाहता पाहता तंत्र हा भारतीय चित्रकलेतील एक प्रवाहच झाला. बीरेन डे, गुलाम रसूल संतोष यांच्याबरोबर बरवे यांचेही नाव त्यात घेतले जाऊ लागले. दिवसा कापडासाठी चिन्हांची आवर्तने आणि उरलेल्या वेळात कॅनव्हासवर यंत्रांची चिन्हे, असा हा काळ. दोन्हीकडे भूमिती होती, समतोल होता, मध्यबिंदू होता. दोन्हीकडे एक धोकाही सारखाच होता. ठरलेले चिन्ह हाताशी असले की चित्र चटकन उभे राहते, भरलेले दिसते आणि पाहणाऱ्याला गूढही वाटते. पण ते चित्रकाराचे स्वतःचे असतेच असे नाही.

१९६५ च्या सुमारास बरवे मुंबईच्या केंद्रात परतले. मुंबई, कोलकाता येथील कलासंस्थांची पारितोषिके त्यांना मिळू लागली होती. तांत्रिक चित्रकार ही ओळख पक्की होत होती आणि तिला मागणीही होती. अशा वेळी बहुतेक जण त्याच वाटेने पुढे जातात. बरवे यांनी सत्तरच्या दशकात ती वाट हळूहळू सोडली. मिळालेली ओळख सोडून देण्याचा हा निर्णय त्यांच्या आयुष्यातील सर्वांत धाडसाचा म्हटला पाहिजे, कारण त्या वेळी पुढे काय येणार याची कोणतीही हमी त्यांच्यापाशी नव्हती. नोकरी होती म्हणून ते असे करू शकले, हेही तितकेच खरे. महिन्याच्या पगाराने चित्रकाराचा वेळ घेतला, पण गिऱ्हाइकासाठी तेच ते करीत राहण्यापासून त्याला वाचविलेही.

याच मुंबई केंद्राशी संबंधित असलेले भास्कर कुलकर्णी यांचीही येथे आठवण होणे साहजिक आहे. बिहारमधील १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी त्यांना मिथिलेत पाठविले. भिंतीवर चित्रे काढणाऱ्या तिथल्या स्त्रियांच्या हाती त्यांनी कागद दिला आणि मधुबनी चित्रकला जगापुढे आली. पुढे ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) वारली पाड्यांवरही ते रमले. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. एकाच खात्यातील दोन मराठी चित्रकार. एकाने इतरांच्या हातांना वाट करून दिली आणि दुसरा स्वतःच्या आत खोल उतरत गेला. दोघांच्याही वाट्याला हयातीत आली ती प्रसिद्धी त्यांच्या कामाच्या मानाने थोडीच.

सत्तरच्या दशकापासून बरवे यांच्या चित्रांत जे येऊ लागले, ते पाहून पूर्वीचा चाहता गोंधळला असेल. यंत्रे गेली, मध्यबिंदू गेला. त्यांच्या जागी आल्या घरातील अगदी साध्या वस्तू: घड्याळ, पान, फळ, शिंपला, पीस, कपडे अडकविण्याचा हँगर, सेफ्टीपिन. या वस्तू एका विस्तीर्ण, शांत पृष्ठभागावर एकमेकींपासून दूर ठेवल्यासारख्या दिसतात. कुठे वस्तू भरीव आहे, कुठे तिची नुसती बाह्यरेषा आहे, कुठे वस्तू नाहीच आणि केवळ तिची सावली उरली आहे. त्यांनी तैलरंगाऐवजी एनॅमल रंग वापरले. दारे-खिडक्या रंगविण्याच्या या रंगाचा थर सपाट आणि गुळगुळीत बसतो. कुंचल्याचे फटकारे मिरविण्याची सोय त्यात नसते. ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना १९७६ मध्ये मिळाला तो 'ब्लू क्लाउड' या चित्रासाठी. तेव्हा त्यांनी चाळिशी गाठली होती आणि वाराणसीच्या नेमणुकीला पंधरा वर्षे झाली होती.

या चित्रांना कोणी स्वप्नचित्रे म्हणाले, कोणी अतिवास्तववादाशी त्यांचे नाते जोडले. त्यात तथ्य नाही असे नाही. पण नक्षीच्या मेजावर बसलेल्या माणसाला त्यांत आणखी काही ओळखीचे दिसेल. दोन आकारांच्या मधली जागा हीच या चित्रांची मुख्य गोष्ट आहे. नक्षीत ती जागा सारखी ठेवायची असते, म्हणजे नजर न अडखळता कापडभर फिरते. बरवे यांनी ती असमान केली. पान एका टोकाला, घड्याळ दुसऱ्या टोकाला, आणि मधली मोकळीक अशी ताणलेली की दोन असंबद्ध वस्तूंमध्ये काही संबंध असलाच पाहिजे असे वाटू लागते. आवर्तन गेले, पण आवर्तनाने शिकविलेली नजर राहिली. नोकरीने त्यांच्या चित्रकलेची वर्षे खाल्ली, असा हिशेब काही जण मांडतात. चित्रे मात्र त्या हिशेबाला दुजोरा देत नाहीत.

आपण पुढे सरकतो आहोत की नाही, हे पाहण्याचे बरवे यांचे साधन होते त्यांच्या डायऱ्या. नोकरीच्या काळापासून अखेरपर्यंत त्यांनी त्या सातत्याने लिहिल्या. त्यांत मराठी आणि इंग्रजी मजकुराबरोबर लहान लहान रेखाटने आहेत. एखादी वस्तू पाहिली, तिचा आकार कसा दिसला, तो मोडला तर काय उरते, मोकळ्या जागेत ठेवला तर तिचा अर्थ बदलतो का, अशा स्वरूपाची ही टिपणे. दिनक्रम किंवा तक्रारी यांपेक्षा विचारांचा माग काढणे हा त्यांचा रोख. कारागीर आपल्या हिशेबाच्या वहीत माल लिहितो तसा हा माणूस आकार लिहीत गेला. वर्षभराने मागची पाने उलटली की काल न सुटलेला प्रश्न आज कुठे आहे, हे कळण्याची सोय त्यात होती. पारितोषिकांच्या यादीतून ते कळत नाही.

या दीर्घ चिंतनातून 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक आकाराला आले. मौज प्रकाशनाने ते १९९० मध्ये प्रसिद्ध केले. मराठीत कलेवर लेखन बरेच झाले आहे. परंतु चित्रकाराने स्वतःच्या कामाची प्रक्रिया, कोऱ्या पृष्ठभागासमोर उभे राहण्यापासून, इतक्या शांतपणे उलगडून दाखविल्याची उदाहरणे फार थोडी. वस्तू, आकार आणि अवकाश यांच्या संबंधांचा त्यात सखोल विचार आहे. भाषा अलंकारांपासून दूर आणि नेमकी आहे. ते आत्मचरित्र नाही. आपण कोणत्या हालअपेष्टांतून गेलो, कोणी अन्याय केला, याविषयी लेखक जवळजवळ गप्प आहे. नवोदितांना त्यातून लगेच उपयोगी पडेल अशी युक्ती मिळत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. कलाशाळांतील विद्यार्थी मात्र हे पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना देत आले आहेत.

बरवे यांचे निधन १९९५ मध्ये झाले. वयाची साठी त्यांनी गाठली नव्हती. जपानमधील हिमेजी येथील ग्लेनबारा संग्रहालयाने त्यांची चित्रे संग्रही घेतली, देशातील संग्रहांतही ती आहेत. पण सर्वसामान्य मराठी वाचकापर्यंत हे नाव हुसेन किंवा रझा यांच्यासारखे कधी पोहोचले नाही. त्यांच्या कामाचा मोठा पट एकत्र पाहण्याची संधी मुंबईकरांना मिळाली ती २०१९ मध्ये, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरलेल्या सिंहावलोकन प्रदर्शनात. मृत्यूनंतर चोवीस वर्षांनी.

वाराणसी आणि मुंबईच्या केंद्रांतून त्या वर्षांत विणकरांकडे गेलेल्या नक्ष्यांपैकी बरवे यांच्या किती होत्या, हे आता कापड पाहून सांगता येणार नाही. हातमागाच्या साडीवर नक्षीकाराचे नाव विणले जात नाही. एखाद्या घरातील जुन्या ट्रंकेत, डांबरगोळ्यांच्या वासात, त्यांच्या हातची एखादी बुटी आजही असू शकेल. ती नेसणाऱ्या बाईने त्यांचे नाव ऐकलेले असण्याचे काही कारण नाही.